शिक्षेमागे दोनचा फरक

आमच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण गेल्या उन्हाळ्यात अडीच महिने त्यावर कोणी जेवलं नाही. मी आणि माझी बायको अरुणा मांडीवर ताटं घेऊन कूलरसमोर जेवत होतो, कारण टेबलावर तिची गुहा मांडलेली होती. पुठ्ठ्याची सात दालनं, राजम्याचे दाणे म्हणजे राक्षस, आणि मधोमध वीस बाजूंचा एक लाल फासा. मी एकदा चुकून त्या राक्षसांतले चार आमटीत टाकले, तर बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

अरुणा मूळची मिरजेची, मी नाशिकचा. नोकरीपायी दिल्लीत आलो आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत बत्तीस वर्षं काढली. मी मागच्या वर्षी निवृत्त झालो. तिची अजून दोन वर्षं आहेत, त्यामुळे क्वार्टर आता तिच्या नावावर आहे आणि हे ती मला विसरू देत नाही. ऑफिसात तिच्याकडे आस्थापना विभाग, त्यातही रजेचं काम. कोणाची किती रजा शिल्लक, कोणती वर्षअखेरीस बुडते, कोणती साठते, हे तिला झोपेतून उठवून विचारा. बावीस वर्षं एकच काम केलंय आणि एकदाही कंटाळली नाही. मला असल्या माणसांची भीती वाटते.

हा खेळाचा नाद आमच्या वेदांतचा. तो कॉलेजात असताना मित्रांना घेऊन टेबलाशी बसायचा. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. फासा पडेल तसं नशीब. वेदांत बेंगळुरूला गेला आणि इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक मागे राहिलं. ते अरुणाने एका दिवाळीच्या सुट्टीत अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि मला म्हणाली, "अहो, ह्यात जादूगाराने सकाळीच ठरवायचं, आज हे चार मंत्र. मग दिवसभरात पाचवाच लागला तर? रजा असं कधी सांगून लागते का? शिल्लक असेल तशी घेता आली पाहिजे."

झालं! त्या दिवसापासून तिचा स्वतःचा खेळ सुरू झाला. तिच्या जादूगाराला रोज सकाळी बारा 'दम' मिळतात. लहान मंत्राला एक दम, आगीच्या मंत्राला तीन, डोंगर फोडायचा तर सहा. उरलेला दम रात्री बुडतो, थोडासाच साठतो. ऐकायला सोपं आहे. पण दमाचं गणित बसवणं म्हणजे काय असतं हे मला विचारा, कारण योद्धा मी होतो. जादूगाराला दम जास्त दिला की तो सगळे राक्षस एकटा जाळतो आणि बाकीचे माशा मारत बसतात. कमी दिला की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. अरुणाचं म्हणणं एकच, टेबलावरचा कोणीही नुसता बसून राहता कामा नये.

हे सगळं तिच्या करमणुकीपुरतं राहिलं असतं, पण एप्रिलमध्ये तनयाच्या बाबांची बदली आली. तनया आमच्या शेजारची, तेरा वर्षांची. आई-बाबा मराठी, पण पोरगी दिल्लीत जन्मून चंदीगड, भोपाळ फिरून परत दिल्लीला आलेली. आता नागपूर, म्हणजे चौथी शाळा. जिन्यात बसून रडताना अरुणाला सापडली. म्हणाली, "काकू, हर बार मी एकटी असते यार. तिथे तर सगळे प्युअर मराठी बोलतील. माझं मराठी ऐकून हसतील."

दुसरी कोणी असती तर डोक्यावर हात फिरवून 'होईल गं मैत्रिणी' म्हणाली असती. अरुणाला तसलं गुळमुळीत जमत नाही. ती म्हणाली, "तुला मी एक खेळ देते. पहिल्या रविवारी चार मुलांना घरी बोलव आणि मांड. तुझं मराठी कसं आहे ते बघायला कोणाला वेळच राहणार नाही. चौदा जूनला गाडी आहे ना? त्याच्या आत पुस्तक तुझ्या हातात."

घरी येऊन मला म्हणाली, "आता मात्र गणित बसलंच पाहिजे. खेळ बिघडलेला असेल तर मुलं एकदा येतील. दुसऱ्या रविवारी कोणी यायचं नाही, आणि ही पोरगी परत जिन्यात बसेल." मी म्हटलं, "अगं, खेळच आहे." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उठून कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.

मेच्या मध्याला शाळांना सुट्ट्या लागल्या आणि रोज तीन वाजता आमच्या घरी खेळ सुरू झाला. तनया जादूगारीण, वरच्या मजल्यावरचा मानस चोर, त्याची मोठी बहीण सलोनी सूत्रधार आणि मी योद्धा. अरुणा ऑफिसात. आणि इथेच तिचा खाक्या बघा. शनिवारी-रविवारी घरी असूनही ती टेबलाशी बसायची नाही. "मी बसले की मुलं मला विचारतात. नागपूरला मी असणार आहे का? जे काय ते कागदावरून कळलं पाहिजे." म्हणून तिने प्रोफॉर्मा काढला. हो, खेळाचा प्रोफॉर्मा! दालन क्रमांक, खर्चलेला दम, घेतलेल्या शिक्षा, निकाल. शेवटचा रकाना, 'कोण नुसतं बसून होतं?' तो रकाना मुलं न विचारता भरायची. रोज एकच उत्तर. काका.

पहिल्या आठवड्यात घोटाळा वेगळाच झाला. तनया पहिल्याच दालनात बाराच्या बारा दम उडवायची आणि म्हणायची, "चलो, आता झोपू या. सकाळ झाली की नवीन दम." आमची टोळी एक खोली लढायची आणि आठ तास झोपायची. असले शूरवीर कुठे बघितलेत? अरुणाने कागद वाचला आणि नवा नियम लिहिला. दम संपला तरी जादूगाराला मंत्र टाकता येईल, उसना दम घेऊन. मात्र त्याची शिक्षा. नियमाचं वाक्य तिने मला वाचून दाखवलं होतं. 'उसन्या दमाच्या प्रत्येक मंत्रामागे जादूगाराला एक शिक्षा. प्रत्येक शिक्षेमागे त्या दालनात फाशात दोनचा फरक पडेल.' मी म्हटलं, छान. काय चुकीचं आहे त्यात? तुम्हीही तेच म्हणाला असता.

पण त्या दिवसापासून तनया हरेना. प्रोफॉर्मा रोज यायचा, शिक्षा तीन, निकाल जिंकली. शिक्षा चार, निकाल जिंकली. अरुणा चक्रावली. बारा दमांचे तिने दहा केले. पोरीने शिक्षा पाच घेतल्या आणि दोन दालनं जास्त जिंकली. दहाचे आठ केले. आगीचा मंत्र तीनवरून पाच दमांवर नेला. निकाल, सातही दालनं, काका नुसते बसून. जितका फास आवळावा तितकी जादूगारीण दांडगी होत चालली. अरुणा ऑफिसातून यायची, चहा घ्यायची आणि वहीत डोकं घालून बसायची. "गणित बरोबर आहे," ती म्हणायची. "तीन तीनदा केलंय. मग माणसं अशी का वागतात?"

"सोडून दे ना," मी एकदा म्हटलं. "बाजारातला एखादा तयार खेळ दे पोरीला."

"तयार खेळ दिला तर पोरगी कोणाला काय सांगेल? दुकानातून आणला म्हणून? मी शब्द दिलाय. चौदा तारखेपर्यंत मी हरणार नाही आणि त्यानंतरही नाही."

तीन जूनला तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या रजा मोजणाऱ्या बाईने! स्वयंपाकघरात गवार मोडत बसली, टेबलाकडे पाठ करून, बोलणार नाही या बोलीवर. आम्ही खेळायला लागलो. दुसऱ्या दालनात तनयाचा दम संपला. तिने उसना घेतला आणि नेहमीसारखी हात उंचावून ओरडली, "येस! मला शिक्षा मिळाली!"

गवारीची परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय मिळालं?" अरुणा दारात उभी.

"शिक्षा," तनया म्हणाली. "म्हणजे मी काहीतरी शिकले ना, काकू. उसना दम घेऊन एक्स्ट्रा मेहनत केली. म्हणून फाशात दोन जास्त."

अरे देवा! हिंदीतली शिक्षा! दिल्लीची पोरं ती, त्यांना शिक्षा म्हणजे शिक्षण. आणि आमच्या बाईसाहेबांनी 'फरक' लिहिला होता, 'वजा' नव्हता लिहिला. दम कमी केला की पोरगी लवकर उसना घ्यायची, उसना घेतला की शिक्षण वाढायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मीही दोन आठवडे टेबलाशीच बसलो होतो, पण फाशाची बेरीज सलोनी मनातल्या मनात करायची. शिक्षा मिळाल्यावर इतकी खूष होणारी मुलगी बघून मला वाटलं होतं, काय खिलाडू वृत्ती आहे पोरीची, संस्कार चांगले आहेत.

आणि मी हसलो. काय सांगू, मला आवरेचना. "अगं, शिक्षा म्हणजे पनिशमेंट! मार! छड्या!" असं म्हणत टेबलावर हात आपटून हसलो. मानसही हसायला लागला. तनयाचा चेहरा लाल झाला. तिने फासा हळूच टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली. अर्ध्या तासाने तिची आई तनयाकडचे नियमांचे कागद परत घेऊन आली. "ती म्हणते, तिला हे नाही न्यायचं. तिथेही सगळे असंच हसतील म्हणते. सॉरी हं, अरुणाताई, तुम्ही एवढं केलंत."

दार लागल्यावर अरुणा माझ्याकडे वळली. "एकसष्ट वर्षांचा घोडा झालात," ती म्हणाली. "त्या पोरीला ज्याची भीती होती तेच तुम्ही ह्या घरात करून दाखवलंत. शिक्षा तुम्हाला झाली पाहिजे. मराठीतली." मी मान खाली घातली. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी ती मला न घेता तनयाकडे गेली. घरात खोक्यांची बांधाबांध चाललेली. काय बोलणं झालं ते तनयाच्या आईने मला नंतर सांगितलं. अरुणाने सांत्वन वगैरे केलं नाही. खोक्यावर बसली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, तनया. वजा लिहायचं राहिलं. ऑफिसात दुसऱ्यांच्या नोटिंगमधल्या असल्या चुका मी लाल पेनाने काढते. तू कागदावर होतं ते वाचलंस. उद्या तीन वाजता मला सूत्रधार हवी आहे, सलोनी मामाकडे चाललीय." तनया भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हातात दहा दिवस, आणि गणित मुळापासून कोसळलेलं. दोन आठवडे अरुणा एका नसलेल्या रोगावर औषध देत होती. आता 'वजा' घातल्यावर आठ दमांची जादूगारीण पहिल्याच दालनात मरायला लागली. परत बारा दम दिले, तर शिक्षेच्या धाकाने कोणी उसना घेईना आणि टोळी परत झोपायला लागली. म्हणजे जिथून निघालो तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणाने ऑफिसला फोन लावला आणि आठ दिवसांची अर्जित रजा टाकली. पलीकडच्या माणसाने बहुधा दोनदा विचारलं, कारण ती म्हणाली, "हो, माझीच. तब्येत ठीक आहे."

ती स्वतः जादूगारीण झाली, सूत्रधारही झाली. मी आणि मानस समोर. सकाळी दहापासून. तिला मंत्र टाकवतच नव्हते हो! एकेक दम जपून, मोजून, पुढच्यासाठी ठेवून खेळायची आणि साठवलेल्या दमासकट मरायची. पहिल्या दिवशी पाच वेळा मेली. तनया आली नाही. तीन वाजता, चार वाजता अरुणाने दाराकडे पाहिलं, मग फासा उचलला आणि सहावा डाव मांडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तनया उभी होती, आत न येता. "मानस म्हणाला तुम्ही रोज मरता."

"मरते," अरुणा म्हणाली.

"काकू, तुम्ही दम वाचवून वाचवून मरता. असं कोण खेळतं? घाबरायचं नाही ना. एकदा उसना घेतला, चुकलं, तर पुढच्या वेळी कळतं कसं करायचं."

 अरुणाने वही ओढली. "परत बोल. चुकलं तर?"

"तर कळतं ना काहीतरी पुढच्या वेळी."

"अहो, पेन्सिल द्या," अरुणा मला म्हणाली. तिने लिहिलेलं वाक्य अजून माझ्यासमोर आहे. 'शिक्षा म्हणजे इथे दोन्ही. आधी भोगा, मग शिका. ह्या दालनात फाशातून दोन वजा, पुढच्या दालनात एक अधिक. एका दालनात शिक्षा एकदाच.' तनयाने ते वाचलं आणि म्हणाली, "वजा आणि अधिक दोन्ही लिहिलंय ना? बिल्कुल क्लिअर आहे." मी तिथेच उठून तिची माफी मागितली. सरळ हात जोडले. ती म्हणाली, "इट्स ओके काका, बसा, तुमची पाळी आहे," आणि सूत्रधाराच्या खुर्चीत जाऊन बसली.

तेव्हापासून गाडीच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही एकतीस डाव खेळलो. लाइट गेली तरी खेळलो, घामाने कागद हाताला चिकटायचे. माझा योद्धा पहिल्यांदा कामाला आला, कारण जादूगारीण शिक्षा भोगत असताना कोणीतरी दार अडवून धरावं लागायचं. आगीचा मंत्र चारवर ठरला. दम अकरा. बारा का नाही, असं मी विचारलं तर अरुणाने मला एकतीस डावांचा तक्ता दाखवला. मी परत विचारलं नाही. तेरा तारखेला मी स्वतः पहाडगंजला जाऊन पुस्तकाची स्पायरल बांधणी करून आणली आणि वाटेत नवे फासेही घेतले. चौदाला स्टेशनवर तनयाने ते पुस्तक सॅकमध्ये न ठेवता हातात धरलं होतं.

मग काही नाही. जून संपला. जुलैचा पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिच्या आईचा पोचल्याचा मेसेज आला होता, तेवढाच. मी म्हटलं, "फोन कर ना." अरुणा म्हणाली, "नाही. मी केला तर तिला वाटेल मी विचारतेय, जमलं का? नसेल जमलं तर काय सांगेल बिचारी?" पण रविवारी चार वाजले की बाई फोनच्या आसपासच काहीतरी आवरत असायच्या. तिला इतकं हवालदिल मी वेदांतच्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. माझाही जीव टांगणीलाच होता, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला. अरुणाने स्पीकरवर टाकला. तिकडे नुसता गोंगाट.

"काकू! शिक्षेचा नियम आम्ही बदलला!" तनया ओरडून बोलत होती.

अरुणाचा चेहरा बदलला. "बदलला? कोणाला विचारून?"

"ऐका ना. शिकलेलं जे एक अधिक असतं ना, ते दुसऱ्याला देता येतं. मी शिकले तर योद्ध्याला देऊ शकते. मजा येते खूप. म्हणजे माझ्या चुकीचा फायदा सगळ्यांना."

अरुणाचा हात पेन्सिलकडे गेलाच. "अगं, पण पाचव्या दालनात योद्ध्याचे दोन अधिक होतील, मग तो..." ती थांबली. वहीत काहीतरी मांडलं, खोडलं. "अं. नाही होणार. बसतंय." मग हळूच विचारलं, "तनया, कोणी हसलं का गं?"

"कशाला? इथे तर सगळेच काय काय बोलतात काकू, मला विचारूच नका."

तेवढ्यात मागून कोणीतरी पोरगं खणखणीत आवाजात ओरडलं, "ए तनया, चल ना बे! सगळे तुझीच वाट पाहून राहिले!"

"आले, आले! काकू, ठेवते हं," असं म्हणून तिने फोन बंद केला. बाय नाही, थँक्यू नाही, काही नाही.

अरुणा फोन हातात धरून उभी राहिली. डोळे भरले होते आणि ती पुसत नव्हती.

"ऐकलंत ना?" ती मला म्हणाली. "तिची वाट बघतायत."